मांजर जेवलं का?

माणूस ओळखणं ही कला नाही, ते शास्त्र आहे. आणि ज्याला हे शास्त्र अवगत झालं त्याला या जगात कुणी फसवू शकत नाही. असं भावोजी म्हणाले. म्हणताना त्यांनी शेजारच्या पोस्टमास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला होता. तो खांदा पोस्टमास्तरांचा नसून चुकीच्या मजल्यावर आलेल्या एका प्लंबरचा आहे, हे त्यांना बऱ्याच वेळाने कळलं. प्लंबरलाही आधी सांगता आलं नाही. भावोजींच्या बोलण्यात शिरायला फट नसे.

भावोजी रंगांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. त्यांच्या सबंध कारकिर्दीत तिथे एकदाही आग लागली नाही, आणि ते निवृत्त झाल्यावरही लागली नाही, याचं त्यांना जरा वाईटच वाटलं. आग लागली तर काय करायचं, याच्या कवायती मात्र त्यांनी आयुष्यभर घेतल्या. त्या कवायतींचा नियम एकच: भोंगा वाजल्याशिवाय जागा सोडायची नाही. धूर दिसला तरी नाही, शेजारचा पळाला तरी नाही. भोंगा हा भोंगा असतो आणि बाकी सगळी अफवा असते. लग्नानंतर हा नियम त्यांनी घरीही लागू केला. त्यांची बायको, म्हणजे थोरली, ‘पानं वाढलीत’ असं स्वयंपाकघरातून दोनदा म्हटल्याशिवाय घरातलं कुणी उठत नसे. एकदा म्हणणं ही सूचना, दुसऱ्यांदा म्हणणं हा भोंगा.

घरात तिसरं माणूस होतं ते थोरलीची बहीण, धाकटी. चाळिशी मागे पडली होती, पण थोरली समोर असेपर्यंत माणूस धाकटाच राहतो. तिचं एकदा लग्न झालं होतं, ते टिकलं नव्हतं. त्याविषयी घरात कुणी चकार शब्द काढत नसे. म्हणजे तिच्यासमोर काढत नसे.

धाकटी कवळ्या बनवायची. दंतवैद्याच्या दवाखान्यामागे तिची खोली होती. प्लास्टरचे साचे, गुलाबी मेण, पॉलिशचं चाक, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीने मांडलेले जबडे. त्या खोलीत दिवसभर सगळे हसत असायचे आणि तोंड कुणालाच नसायचं. तिला त्याचं काही वाटायचं नाही. वाटायचं ते एवढंच, की संध्याकाळी दिवा मालवताना ‘निघालीस का’ असं विचारणारं कुणी असावं. थोरली विचारायची, पण थोरली जगातल्या सगळ्यांनाच विचारायची.

एका दुपारी जेवताना धाकटी म्हणाली, “ताई, माझी एकाशी ओळख झालीय.”

“बरं झालं. कुठे?”

“मोबाईलवर.”

“मोबाईलवर म्हणजे? राहतात कुठे?”

“राहतात दुसरीकडे. ओळख मोबाईलवर झाली. तसं असतं आता. एकट्या लोकांसाठी जागा असते तिथे.”

“आपल्याकडे काय जागा कमी आहे का?” थोरली म्हणाली; पण फोटो बघायला तिने हात आधीच पुसून घेतले होते.

फोटोत एक गृहस्थ पुलाजवळ उभे होते. निम्मा चेहरा सावलीत. पुलांची तपासणी करणारा अभियंता, विधुर, शांत स्वभाव, असं खाली लिहिलं होतं. भावोजींनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आडवा केला.

“डोक्यावर हेल्मेट आहे,” ते म्हणाले. “माणूस जबाबदार दिसतो.”

“चेहरा दिसत नाही त्याचं काय?” थोरली म्हणाली.

“चेहऱ्याला काही झालं तर भरून येतं. डोक्याचं तसं नाही.”

त्या दिवसापासून त्या गृहस्थांना घरात ‘मोबाईलमधले’ असं नाव पडलं.

भावोजींनी नियम सांगितले. भेटायचं ते चार लोकांत आणि उजेडी. जायचं आपलं आपण, त्याच्या गाडीत पाऊल टाकायचं नाही. घर कुठे, काम कुठे, येण्याजाण्याची वेळ काय, यातलं अवाक्षर बोलायचं नाही. आपल्यासमोर उघडलेलं नाही ते प्यायचं नाही. नियम एकूण एक शहाणे होते. माणूस शहाणे नियम करू शकतो, त्याला मुळात बंदी नाही. आणि शेवटी भावोजींनी भोंगा ठरवला. काही गडबड वाटली तर धाकटीने थोरलीला फोन करायचा आणि विचारायचं, “मांजर जेवलं का?”

“आपल्याकडे मांजर कुठाय?” थोरली म्हणाली.

“म्हणूनच. मांजर असतं तर प्रश्न खरा वाटला असता.”

रंगीत तालीम झाली. धाकटीने आतल्या खोलीतून फोन लावला. “ताई, मांजर जेवलं का?”

“कुठलं गं?” थोरलीने विचारलं. “परवा जिन्यात आलं होतं ते?”

तालीम पुन्हा घ्यावी लागली. पुढच्या वेळी थोरली इतकी तयारीत होती की दूधवाल्याचा फोन आला तरी ती चपला घालून दारात उभी राहिली. भावोजींनी तिला बसवलं. “शब्द ऐकायचा. तोही तिच्याच तोंडून, तिच्याच फोनवर. तोवर जागचं हलायचं नाही. समजलं?”

“समजलं,” थोरली म्हणाली. आणि यात दुःखाची गोष्ट एवढीच, की तिला खरोखरच समजलं होतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण शास्त्र येणाऱ्याला ते वापरल्याशिवाय चैन पडत नाही. हा माणूस धाकटीशी एकनिष्ठ आहे का, हे तपासायचं भावोजींनी मनावर घेतलं. त्याच ठिकाणी त्यांनी स्वतःचं खातं उघडलं, बाईच्या नावाने. निवृत्त परिचारिका, एकटी, वाचनाची आवड. फोटोच्या जागी गुलाबाचं फूल लावलं, कारण फुलाला रस्त्यात कुणी ओळखत नाही. आणि पुलाच्या अभियंत्याला लिहिलं, ‘नमस्कार.’

उत्तर लगेच आलं. अतिशय सभ्य. या वयात एकटेपणा किती कठीण असतो, असं त्याने लिहिलं होतं. भावोजींनी ते दोनदा वाचलं.

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलायला लागला की खऱ्याची उधळपट्टी करतो. परिचारिका हे एक खोटं बोलून झाल्यावर भावोजींकडचा साठा संपला. मग परिचारिकाबाईंना त्यांनी आपला दुखरा गुडघा दिला. आपली दुपारची झोप दिली. एक बहीण दिली, ती कवळ्या बनवते. तिची खोली दवाखान्याच्या मागे आहे, खिडकी गल्लीत उघडते, वेंधळी आहे, खिडकी लावायला विसरते. समोरचा माणूस ऐकत होता. गुडघ्याची चौकशी करत होता. निवृत्तीनंतर भावोजींचं असं कुणीच ऐकून घेतलं नव्हतं. पूर्वीही ज्यांनी ऐकलं होतं त्यांना त्याचा पगार मिळत होता.

‘तुमच्याशी बोललं की मन हलकं होतं,’ असं त्याने एकदा लिहिलं. भावोजी त्या दिवशी फोन घेऊन न्हाणीघरात इतका वेळ बसले की थोरलीने दारावर थाप मारली. “अहो, आत कोण आहे तुमच्याबरोबर?”

“कोण असणार?”

“मग हसताय कुणाशी?”

मग त्याने विचारलं, की परिचारिकाबाई, तुम्ही एवढ्या अनुभवी, हल्लीच्या बायकांनी अनोळखी माणसाला भेटताना काय काळजी घ्यावी? हा प्रश्न म्हणजे भावोजींना मांडलेलं पानच होतं. त्यांनी सगळं सांगितलं. नियम सांगितले, भोंगा सांगितला, मांजर सांगितलं. टेहळणीला कुणी कुठे बसायचं, तेही सांगितलं. ‘वा,’ असं उत्तर आलं. ‘किती बारीक विचार केलाय.’

मासा गळाला लागला, असं भावोजींना वाटलं. लागला होता. फक्त दोरीच्या कुठल्या टोकाला कोण आहे, एवढाच तपशील राहिला होता.

धाकटीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्याशी तो कमी बोलायचा. सकाळी एक ओळ, संध्याकाळी एक ओळ. एका संध्याकाळी ती मेण तापवत असताना ओळ आली, ‘खिडकी लावून घेत जा. गल्लीत उजेड कमी असतो.’

तिने खिडकीकडे पाहिलं. मग लिहिलं, ‘खिडकीचं मी तुम्हाला कधी सांगितलं?’

‘तुम्ही विसरलात. मी विसरत नाही.’

सांगितलं असेल, असं तिला वाटलं. विसरभोळी म्हणून तिची ख्याती होतीच. ती खिडकी लावायला गेली. बाहेरच्या कट्ट्यावर कॉफीचा एक कागदी पेला ठेवलेला होता. गल्लीत कुणी नव्हतं. तिने पेला उचलला, तर तो कोमट होता.

फळीवरचे जबडे हसत होते. आज पहिल्यांदा तिने त्यांच्यावर फडकं टाकलं.

घरी मात्र ती काही बोलली नाही. बोलली असती तर भेट रद्द झाली असती, आणि मग ताई म्हणाली असती, जाऊ दे गं, आम्ही आहोत ना. ‘आम्ही आहोत ना’ हे वाक्य ऐकून ऐकून धाकटीचा जीव उबगला होता. पेला कुणाचाही असेल, ती स्वतःला म्हणाली. काळजी करणाऱ्या माणसाची भीती वाटून घ्यायची, तर मग काळजी न करणाऱ्याशी संसार करून झालाच होता.

भेट ठरली ती वाचनालयाच्या तळमजल्यावरच्या उपाहारगृहात, भर दुपारी. जागा त्यानेच सुचवली. शांत आहे, चार लोक असतात, उजेड चांगला असतो. नियमांत इतकं चपखल बसणारं स्थळ ऐकून भावोजींना भरून आलं.

तिथे भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती. लोक कॉफीसुद्धा आवाज न करता पीत होते. थोरली ठरल्याप्रमाणे आधी येऊन कोपऱ्यातल्या टेबलावर बसली. पुढ्यात एक जाडजूड पुस्तक, ते उलटं. भावोजी मागच्या गल्लीत, येणारी-जाणारी वाहनं टिपायला. धाकटी आली तेव्हा तो आलेला होता.

फोटोतल्यासारखाच होता, फक्त सावली नव्हती. नीटनेटका, हसतमुख. बोलताना आवाज इतका खाली की ऐकायला पुढे वाकावं लागे. टेबलावर दोन कप होते. एक त्याच्यापुढे, एक तिच्या रिकाम्या खुर्चीपुढे.

“तुमची मागवून ठेवली,” तो म्हणाला. “थंड होतेय.”

“मी आत्ताच घेऊन आले.”

“घरी? दुपारी तर तुमच्याकडे सगळे झोपतात ना.”

धाकटीने कपाकडे पाहिलं. कॉफीवर साय धरली होती.

तो पुलांविषयी बोलला नाही. तिने विचारलं तेव्हाही नाही. तो तिच्याविषयीच बोलत राहिला, आणि सगळं बरोबर बोलत होता. ती कुठल्या बसने जाते. दवाखाना कधी लवकर बंद होतो. कामाच्या खोलीत तिच्या खुर्चीची पाठ दाराकडे असते. एखाद्या मुलाने पाठ केलेली कविता म्हणावी, तसं तो प्रेमाने म्हणत होता.

“तुमचा फोन बघू,” तो म्हणाला. “तुमचा एक फोटो काढतो.”

फोन देऊ नये असा नियम नव्हता. तो भावोजींच्या डोक्यातच आला नव्हता. तिने दिला. त्याने फोटो काढला नाही. फोन पालथा करून आपल्या बशीशेजारी ठेवला आणि त्यावर हात ठेवला, अगदी हलकेच, झोपलेल्या जिवावर ठेवावा तसा.

“माझी बहीण इथून जवळ राहते. तिला तुम्हाला बघायचंय. गाडी मागे लावलीय. पाच मिनिटांचं काम.”

“आज नको. पुन्हा कधी.”

“घाबरलात का?” तो हसला, आणि आवाज या वेळी कोपऱ्यापर्यंत जाईल एवढा चढवला. “तसं असेल तर घरी विचारून घ्या ना. मांजर जेवलं का म्हणून.”

धाकटी कोपऱ्याकडे बघू लागली. थोरली उलट्या पुस्तकावरून बघतच होती. ‘मांजर’ तिने ऐकलं होतं, तिच्या चेहऱ्यावरून ते दिसत होतं. पण शब्द आला होता भलत्याच तोंडून, आणि फोन तर वाजलाच नव्हता. तिच्या आयुष्यात असा भोंगा आजवर वाजला नव्हता. तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि ती जागची हलली नाही.

तिचा फोन त्याच वेळी पर्समध्ये थरथरत होता. पण तो भावोजींचा होता, धाकटीचा नव्हता, म्हणून तिने तो घेतला नाही.

भावोजी मागच्या गल्लीत होते आणि त्यांची स्वतःची एक अडचण झाली होती. तिथे एक मोठी गाडी उभी होती, मागचं दार अर्धवट उघडं. उघडं दार दिसलं आणि भावोजी ते तसंच सोडून पुढे गेले, असं कारखान्यात कधी झालं नव्हतं. ते दार लावायला गेले. लावता लावता कुलपाची रचना जवळून बघायला चष्मा काढून आत बसले. दार मागे लागलं. ते आतून उघडेना. लहान मुलं धावत्या गाडीतून पडू नयेत म्हणून अशी सोय असते, आणि भावोजींनी क्षणभर तिचं मनापासून कौतुक केलं. पुढच्या सीटकडे जावं म्हटलं, तर मध्ये लोखंडी जाळी. कुत्रा असेल, त्यांना वाटलं. कुत्रा पाळणारा माणूस प्रेमळ असतो.

पण गाडीला कुत्र्याचा वास नव्हता. फिनाइलचा होता. सीटच्या फटीत काहीतरी टोचलं म्हणून त्यांनी बोटं घातली, तर बाईच्या केसांचा चिमटा निघाला. तुटलेला. त्यात केस अडकले होते, लांब, मुळापासून आलेले. भावोजींनी काचेबाहेर पाहिलं. भिंत होती. त्यांनी बायकोला पुन्हा फोन लावला. ती उचलणार नाही, हे त्यांना घंटा वाजत असतानाच कळलं. तिला त्यांनीच शिकवलं होतं.

आत तो उठला होता. धाकटीच्या खुर्चीमागे येऊन त्याने तिच्या कोपराला धरलं. “चला,” तो म्हणाला. “लोक बघतायत.”

कुणी बघत नव्हतं. पण ते वाक्य त्याने फार जागांवर वापरलं असावं, कारण ते अचूक बसलं. लोक बघतायत म्हटल्यावर धाकटी खरोखरच उठली. दोन पावलं चाललीसुद्धा. भीड भिकेची बहीण म्हणतात. भीक निदान मागून मिळते, भीड न मागता घरात येऊन बसते.

मग त्याचा अंगठा तिच्या हातात रुतला आणि ती थांबली.

“मी यांना ओळखत नाही,” ती म्हणाली.

वाचनालयाच्या मानाने ते मोठ्याने होतं. चारदोन माना वळल्या. गल्ल्यावरच्या बाईंनी पाटीकडे बोट दाखवलं.

“मी यांना ओळखत नाही,” धाकटी अजून मोठ्याने म्हणाली. “माझा फोन यांच्याकडे आहे. मला यांच्याबरोबर जायचं नाही.”

“हिला बरं नसतं अधूनमधून,” तो आजूबाजूच्यांना म्हणाला, इतक्या हळुवारपणे की एका म्हाताऱ्या गृहस्थांना त्याची दया आली. “घेऊन जा हो त्यांना बाहेर,” ते म्हणाले. “जरा हवा लागू दे.” आणि त्यांनी आपली खुर्ची ओढून दोघांना वाट करून दिली.

वाट मोकळी झाली. दार समोर होतं.

“ताई,” धाकटी म्हणाली. “ऊठ.”

हा शब्द ठरलेला नव्हता. कुठल्या तालमीत आलेला नव्हता. पण लहानपणापासून थोरलीला झोपेतून उठवायला धाकटी तोच वापरत आली होती, आणि त्याला काही उपाय नव्हता. थोरली उठली. टेबलही बरोबर उठलं, पुस्तक खाली आपटलं, आणि ती शांतता राखणाऱ्या त्या सगळ्या लोकांमधून सरळ चालत येऊन दोघांच्या मध्ये उभी राहिली. थोरली मध्ये उभी राहिली की पलीकडचं दिसत नसे.

“हात सोड,” ती म्हणाली. “हिला बरं नसेल तर मी नेईन. तू कोण?”

त्याने हात सोडला. घाई केली नाही. फोन बशीशेजारून उचलून धाकटीपुढे धरला, सरळ करून, काच रुमालाने पुसून.

“यजमान मागच्या गल्लीत आहेत ना तुमचे?” तो थोरलीला म्हणाला. “सांगतो त्यांना, आटपलं म्हणून.”

आणि तो गेला. गल्ल्यावरच्या बाईंनी तेवढ्यात म्हटलं, “कॉफीचं कोण देतंय?”

गल्लीत भावोजींनी पुढचं दार उघडल्याचं ऐकलं. माणूस बसला. आरशात दोन डोळे दिसले. गाडी सुरू झाली नाही.

“परिचारिकाबाई,” तो शेवटी म्हणाला. “गुडघा कसा आहे?”

“आता बरा आहे,” भावोजी म्हणाले. सवयीने तोंडून गेलं. त्यांनी चिमटा मुठीत इतका आवळला होता की हाताला रक्त आलं होतं.

तो विचार करत असावा. बोटांनी तो चाकावर ताल धरत होता. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी थोरलीचा आवाज आला, तिच्यामागे गल्ल्यावरच्या बाईंचा, आणि मग आणखी कुणाकुणाचा. तो उतरला, फिरून आला, बाहेरून दार उघडलं.

“सांभाळून,” तो म्हणाला. “पायरी उंच आहे.” लोक गाडीपाशी पोहोचेपर्यंत तो गाडी घेऊन गेलाही होता.

चौकीवरच्या अधिकारी बाई तरुण होत्या. सगळं ऐकून त्या धाकटीला म्हणाल्या, “तुम्ही आलात हे फार झालं. आधी दोघीजणी दारापर्यंत येऊन परत गेल्या. लोक काय म्हणतील, म्हणे.” भावोजींनी परिचारिकाबाईंची हकिकत सांगितली तेव्हा थोरली त्यांच्याकडे बघतही नव्हती. “न्हाणीघरात,” एवढंच ती भिंतीला म्हणाली. मग ती धाकटीकडे वळली. “शब्द ऐकला होता गं मी. पण तू बोलली नव्हतीस.”

“असू दे, ताई.”

भावोजींनी मूठ उघडून चिमटा टेबलावर ठेवला. अधिकारी बाईंनी आधी तो सहज पाहिला. मग दिवा ओढून जवळ घेतला. केसांना हात न लावता पाहिलं. त्यांनी आत जाऊन कुणाला तरी बोलावलं. तो माणूस आला, त्यानेही पाहिलं, आणि दार लावून घेतलं.

“हा कुठे होता, नीट सांगा,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. “एक बाई वर्षभर सापडत नाहीयेत.”

भावोजी सांगू लागले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात फटी पडत होत्या.

धाकटीचा फोन वाजला. नंबर दिसत नव्हता. अधिकारी बाईंनी खूण केली, फोन टेबलावर ठेवून घ्या, आवाज मोठा करा.

“पोहोचलात का घरी?” तोच आवाज. वाकून ऐकावा लागणारा. “गाडीत मागच्या सीटवर तुमच्या भावोजींचा चष्मा राहिलाय. संध्याकाळी आणून देऊ का?”

धाकटीने अधिकारी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली, हळू, एकदाच. ती घरी बसली असेल, रडत असेल, दार लावून घेतलं असेल, असं त्या माणसाला वाटत होतं; आजवर सगळ्या तशाच बसल्या होत्या.

“द्या ना आणून,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. “पत्ता तर तुम्हाला माहीतच आहे.”

पलीकडे तो हसला. “येतो,” म्हणाला, आणि फोन बंद झाला.

अधिकारी बाई उठल्या, पट्टा कसला, दाराबाहेरच्यांना दबक्या आवाजात हुकूम दिले. साध्या कपड्यांत किती, मागच्या जिन्यात कोण, गाडीला आडवं कोणी यायचं. थोरलीने बहिणीचा हात धरला होता, की बहिणीने तिचा, हे सांगणं कठीण होतं.

भावोजींनी नाकावर बोट फिरवून पाहिलं. मग ते बाईंच्या मागे दारापर्यंत गेले.

“बाई, एक विनंती होती,” ते म्हणाले. “त्याला पकडताना चष्मा तेवढा आधी हातातून काढून घ्या. डावी काडी जरा नाजूक आहे.”